हायब्रिडचे मायलेज : कागदावरचे आणि रस्त्यावरचे

मोटार घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ॲव्हरेज किती देते?’ रंग, आसने, संगीतयंत्रणा आणि सुरक्षेच्या सोयी यांची चौकशी त्यानंतर. विक्रेत्याकडेही उत्तर तयार असते. तो माहितीपत्रकातील एका आकड्यावर बोट ठेवतो आणि ग्राहक तो आकडा मनात घोळवत घरी परततो. साध्या पेट्रोल मोटारीच्या बाबतीत ‘प्रत्यक्षात थोडे कमी मिळणार’ हे आता सर्वांनाच ठाऊक झाले आहे. पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर अशा जोडीवर चालणाऱ्या हायब्रिड मोटारीच्या बाबतीत मात्र हा साधा वाटणारा प्रश्न बराच अवघड होऊन बसतो. ‘नुसत्या विजेवर किती किलोमीटर जाते?’ हा जोडप्रश्न विचारला, की गोंधळ आणखी वाढतो.

या गोंधळाचे उत्तम उदाहरण म्हणजे टोयोटाची प्रियस. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीस आलेली ही छोटी मोटार मोठ्या प्रमाणावर तयार झालेली जगातील पहिली हायब्रिड मोटार मानली जाते. तिची दुसरी पिढी २००३ मध्ये आली. जपानमधील अधिकृत चाचणीत या मोटारीने लिटरला ३५.५ किमी अंतर कापले. युरोपातील चाचणीत तिला १०० किमीसाठी ४.३ लिटर पेट्रोल लागले, म्हणजे लिटरला साधारण २३ किमी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजेच ‘ईपीए’ने, तिला आरंभी गॅलनला ५५ मैलांचे सरासरी प्रमाणपत्र दिले. आपल्या हिशेबात ते लिटरला सुमारे २३.४ किमी होते. त्याच संस्थेने पुढे चाचणीची पद्धत बदलली, तेव्हा तोच आकडा ४६ मैलांवर, म्हणजे लिटरला १९.६ किमीवर आला. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक नियतकालिकाने स्वतः मोटार चालवून मोजले, तेव्हा ४४ मैल, म्हणजे लिटरला १८.७ किमी भरले.

मोटार तीच, दीड लिटरचे इंजिन तेच, बॅटरीही तीच. मग यातला खरा आकडा कोणता? गंमत अशी, की आपापल्या जागी हे सर्वच आकडे खरे आहेत. प्रत्येक आकडा हे एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मायलेज हा मोटारीच्या अंगी असलेला वजनासारखा किंवा लांबीसारखा स्थिर गुण नाही. मोटार, रस्ता, हवामान आणि चालक या चौघांनी मिळून तो ठरवायचा असतो. साध्या मोटारीपेक्षा हायब्रिडमध्ये या चौघांतील शेवटच्या तिघांचा वाटा अधिक असतो. तो का, हे समजून घेतले तर आपल्या वाट्याला येणारा आकडा आपणच बऱ्यापैकी अचूक सांगू शकतो.

आकडा येतो कुठून?

अधिकृत मायलेजची चाचणी रस्त्यावर होत नाही, प्रयोगशाळेत होते. मोटारीची चाके मोठ्या रोलरवर ठेवली जातात. हवेचा आणि रस्त्याचा जितका विरोध प्रत्यक्षात झाला असता तितका विरोध हे रोलर करतात. चालकासमोरच्या पडद्यावर वेगाची एक आखून दिलेली रेषा सरकत असते आणि त्याने तंतोतंत त्या रेषेनुसार वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचे. या रेषेला चाचणी-चक्र म्हणू या. सर्व मोटारींना एकच चक्र लावल्यामुळे त्यांची आपसांत तुलना करता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. पण ते चक्र आपल्या रोजच्या रस्त्याशी जुळेलच असे नाही.

दुसरी पिढी आली तेव्हाचे जपानचे ‘१०-१५ मोड’ हे चक्र पाहा. अवघी ११ मिनिटे, सव्वाचार किलोमीटरांहून किंचित कमी अंतर, सरासरी वेग ताशी २३ किमीच्या आत आणि कमाल वेग ताशी ७० किमी. इंजिन आधीच गरम केलेले. वारंवार थांबणारी, कधीही घाई न करणारी अशी ही शहरी फेरी. हायब्रिडला याहून सोयीचे काय असणार! जपानने पुढे ‘जेसी०८’ नावाचे अधिक कठोर चक्र आणले. त्यात थंड इंजिनाचाही हिशेब धरला होता. २००९ मधील तिसऱ्या पिढीच्या प्रियसचा सर्वांत काटकसरी प्रकार जुन्या चक्रात लिटरला ३८ किमी देत होता, तोच नव्या चक्रात ३२.६ किमीवर आला. एकाच देशात, एकाच मोटारीचे मायलेज केवळ परीक्षा बदलल्यामुळे पाच किलोमीटरांहून अधिक घसरले.

युरोपचे तत्कालीन चक्र सुमारे २० मिनिटांचे आणि ११ किमीचे होते. त्यात शून्यापासून ताशी ५० किमी वेग गाठायला २६ सेकंद दिलेले असत. मागून हॉर्न वाजवणारा कोणी नसेल तरच असे चालवणे शक्य! अमेरिकेच्या जुन्या पद्धतीत महामार्गाच्या चाचणीतही वेग ताशी ९७ किमीच्या वर जात नसे आणि एसी बंद असे. ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या, विशेषतः हायब्रिड घेणाऱ्यांच्या. तेव्हा २००८ सालच्या मोटारींपासून ईपीएने जुन्या दोन चाचण्यांच्या जोडीला आणखी तीन चाचण्यांचा हिशेब धरायला सुरुवात केली. एकीत मोटार ताशी १२९ किमीपर्यंत आणि जोराने पळवायची, दुसरीत ३५ अंश सेल्सिअस उष्णतेत एसी लावून चालवायची आणि तिसरीत उणे सात अंश थंडीत. या कसोटीवर प्रियसचा शहरातील आकडा गॅलनला ६० मैलांवरून ४८ वर, तर महामार्गावरचा ५१ वरून ४५ वर आला. शहरातील घसरण अधिक मोठी आहे, हे ध्यानात ठेवू या. त्याचे कारण पुढे येईल.

आपल्याकडे ही चाचणी करणारी सर्वांत परिचित संस्था पुण्याची. १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’, म्हणजेच ‘एआरएआय’. वेताळ टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर त्या टेकडीलाच ‘एआरएआयची टेकडी’ म्हणतात, इतकी ही संस्था शहराच्या ओळखीची झाली आहे. देशभरच्या माहितीपत्रकांत ‘एआरएआय मायलेज’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो तिच्यामुळेच. हे मायलेज ज्या भारतीय चक्रावर मोजले जात आले, ते युरोपच्या जुन्या चक्रावरूनच बेतलेले आहे. फक्त कमाल वेग १२० ऐवजी ताशी ९० किमी ठेवलेला, सरासरी वेग ताशी ३२ किमीच्या आसपास आणि एसी बंद. २०२२ मध्ये आलेल्या होंडा सिटी हायब्रिडचा लिटरला २६.५ किमी आणि त्याच वर्षीच्या मारुती ग्रँड व्हिटारा व टोयोटा हायरायडर या जोडीच्या हायब्रिड प्रकाराचा २७.९७ किमी हे प्रमाणित आकडे वाचताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही.

वीज फुकट येत नाही

हायब्रिडविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. थोडे पेट्रोल, थोडी वीज. म्हणजे विजेवर धावलेले अंतर जणू फुकटातच पडले! ज्या हायब्रिडला घरच्या प्लगला जोडता येत नाही, तिच्या बाबतीत हे खरे नाही. तिच्या बॅटरीतील विजेचा कण न् कण शेवटी टाकीतील पेट्रोलमधूनच आलेला असतो. मग बचत होते ती कशी?

एक तर सिग्नलला उभे असताना इंजिन बंद होते. दुसरे, मोटारीला जोर देण्याचे काम विद्युत मोटर वाटून घेते, त्यामुळे इंजिन छोटे ठेवता येते आणि ते ज्या गतीला व ज्या ओझ्याखाली सर्वांत काटकसरीने चालते, तिथेच त्याला बहुतेक वेळ चालवता येते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा परत मिळवता येते. साध्या मोटारीत ब्रेक दाबला, की तिची गती घर्षणाने उष्णतेत बदलते आणि हवेत विरते. हायब्रिडमध्ये तीच विद्युत मोटर जनित्रासारखी उलटी काम करते आणि वीज बॅटरीत भरते.

ही बचत किती, याचा छोटा हिशेब करून पाहता येतो. १,३०० किलो वजनाची मोटार ताशी ५० किमी वेगात असताना तिच्या गतीत सुमारे १२५ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ हजार किलोज्यूल ऊर्जा असते, पण इंजिन त्यातील जेमतेम ३० टक्के चाकापर्यंत पोहोचवते असे धरू. म्हणजे शून्यावरून ५० पर्यंत वेग नेण्यासाठी सुमारे १३ मिलिलिटर पेट्रोल लागते. चहाचे अडीच चमचे! प्रत्येक सिग्नलला ब्रेक दाबताना साधी मोटार हे अडीच चमचे सांडून टाकते. हायब्रिड त्यातला मोठा भाग पुन्हा वाटीत गोळा करते. सगळा नाही, कारण मोटरीतून बॅटरीत आणि बॅटरीतून पुन्हा चाकापर्यंत जाताना प्रत्येक टप्प्यावर थोडे सांडतेच.

यातूनच हायब्रिडचा उलटा स्वभाव स्पष्ट होतो. साधी मोटार महामार्गावर चांगले मायलेज देते आणि शहरात मार खाते. हायब्रिडचे पुष्कळदा याच्या उलट असते. शहरात थांबणे-निघणे जितके अधिक, तितकी वाचवण्याजोगी ऊर्जा अधिक. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किमी वेगाने तासभर सरळ जाताना ब्रेक लागतच नाही, तर परत मिळवणार काय? तिथे लढाई हवेशी असते आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात, की तो दीडपटीहून अधिक होतो. तिथे हायब्रिड ही एक चांगले इंजिन आणि बांधेसूद आकार असलेली मोटार उरते, एवढेच. ज्यांचा प्रवास मुख्यतः महामार्गाचा आहे, त्यांनी हायब्रिडचे नाव घेण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे.

घाटाचा प्रश्नही असाच. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना सुमारे ५०० मीटर उंची कमी होते. एवढ्या उतारावर १,३०० किलोची मोटार पावणेदोन युनिट ऊर्जा सोडते. त्यातली निम्मीअधिक हवेच्या आणि टायरच्या विरोधात जाते हे खरे. पण उरलेली साठवायलाही दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या बॅटरीत पुरेशी जागा नसते. ती सबंध बॅटरीच मुळी १.३ युनिटांची, आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून त्यातलाही अर्ध्याहून कमी भागच वापरला जातो. साहजिकच घाट संपण्याआधी बॅटरी भरते आणि उरलेला उतार नेहमीप्रमाणे इंजिनाच्या व ब्रेकच्या भरवशावर उतरावा लागतो.

मायलेज कोण खाते?

शहरात हायब्रिड शहाणी, हे कळले. पण अमेरिकेच्या नव्या कसोटीत तिचा शहरातलाच आकडा अधिक घसरला होता. का? त्याचे उत्तर एसी, थंड इंजिन आणि छोट्या फेऱ्या यांत आहे.

एसीला उन्हाळ्यात सुमारे दीड किलोवॉट शक्ती लागते असे धरू. ताशी ६० किमी वेगाने एक किलोमीटर जायला एक मिनिट लागते. तेवढ्यात एसी ०.०२५ युनिट खातो. पण कोंडीत ताशी १५ किमी वेगाने तेच अंतर कापायला चार मिनिटे लागतात आणि एसीचा वाटा ०.१ युनिटावर जातो. छोट्या मोटारीला शहरात एक किलोमीटर ढकलायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या निम्म्याहून अधिक ही भरते. दुसऱ्या पिढीच्या प्रियसपासून एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालू लागला, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो. पण ती वीज छोट्याशा बॅटरीतूनच जाते. बॅटरी उतरली, की उभ्या मोटारीतही इंजिन पुन्हा सुरू होते. मे महिन्याच्या दुपारी कोंडीत सापडलेल्या हायब्रिडचे मायलेज आणि जानेवारीच्या सकाळी त्याच रस्त्यावरचे मायलेज यांत म्हणूनच लक्षणीय फरक पडतो.

छोट्या फेऱ्यांचे दुखणे वेगळे. मोटार सकाळी सुरू केली, की इंजिन आणि धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक ठरावीक तापमानाला यावे लागतात. तोवर मोटार कितीही सावकाश चालवली तरी इंजिन सुरूच राहते. फेरी २० किमीची असेल तर हा आरंभीचा खर्च पसरून जातो. दोन किलोमीटरांवरच्या शाळेत मुलाला सोडून परतायचे असेल, तर सगळी फेरी या महागड्या मिनिटांतच संपते. टोयोटाने अमेरिकेसाठीच्या दुसऱ्या पिढीच्या मोटारीत गरम शीतकद्रव साठवून ठेवणारा चक्क एक थर्मास बसवला होता, इतके हे दुखणे खरे आहे.

उरला तो चालकाचा पाय. पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडून हळूहळू ब्रेक दाबत गेले, तर बरीचशी ऊर्जा बॅटरीत जाते. शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक दाबला, तर विद्युत मोटरीला तेवढी शक्ती एकदम पेलत नाही आणि घर्षणाचे ब्रेक मध्ये पडतात. शहाण्या चालकाला हायब्रिड साध्या मोटारीपेक्षा अधिक बक्षीस देते आणि उतावळ्याला अधिक शिक्षा करते.

नुसत्या विजेवर किती?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जपानी आणि युरोपीय प्रियसमध्ये केवळ विजेवर चालण्यासाठी एक बटण दिलेले होते. ते दाबून मोटार किती जाई? सावकाश चालवल्यास फार तर दोन किलोमीटर. आश्चर्य वाटायला नको. १.३ युनिटांच्या बॅटरीतील अर्धा युनिट वापरायचा आणि किलोमीटरला साधारण पाव युनिट खर्ची घालायचा, की हिशेब तेवढाच येतो. हे बटण पहाटे शेजाऱ्यांची झोप न मोडता सोसायटीच्या आवारातून बाहेर पडण्यासाठी उपयोगी. त्याने मायलेज वाढत नाही, कारण उतरलेली बॅटरी पुन्हा पेट्रोल जाळूनच भरायची असते.

हायब्रिडच्या जाहिरातींत ‘इतके टक्के वेळ विजेवर’ अशा धर्तीची वाक्ये दिसतात, त्यातील ‘वेळ’ हा शब्द नीट वाचावा. सिग्नलला इंजिन बंद करून उभे राहिलेली दोन मिनिटेही या हिशेबात विजेवरची धरता येतात. वेळेचे टक्के अंतराच्या टक्क्यांपेक्षा नेहमीच आकर्षक दिसतात.

विजेवरचे खरेखुरे अंतर हवे असेल, तर मोठी आणि बाहेरून भरता येणारी बॅटरी लागते. तीच प्लग-इन हायब्रिड. प्रियसची अशी आवृत्ती २०१२ मध्ये ४.४ युनिटांच्या लिथियम-आयन बॅटरीसह आली. विजेवरचा तिचा पल्ला जपानी चाचणीत २६.४ किमी, युरोपीय चाचणीत २५ किमी आणि अमेरिकी चाचणीत ११ मैल, म्हणजे जेमतेम १८ किमी भरला. त्या १८ किमीतही चालकाने जोरात ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिन मध्येच सुरू होई. कडाक्याच्या थंडीत मोटारीत ऊब हवी असेल, तरीही इंजिन लागे. पुढच्या पिढीत बॅटरी दुप्पट, म्हणजे ८.८ युनिटांची झाली. जपानी चाचणीने तिला ६८.२ किमीचे प्रमाणपत्र दिले, अमेरिकी चाचणीने २५ मैलांचे, म्हणजे ४० किमीचे. मायलेजसारखीच पल्ल्याचीही कथा : बॅटरी एक, आकडे अनेक. जपान, युरोप आणि अमेरिका यांचे आकडे समोर असतील, तर अमेरिकी आकडा सर्वांत कमी आणि रोजच्या वापराला सर्वांत जवळचा, एवढी खूणगाठ बांधायला हरकत नाही.

प्लग कोण लावतो?

प्लग-इन हायब्रिडच्या मायलेजचा आकडा तर निव्वळ सवयीवर उभा असतो. २०१२ च्या त्याच मोटारीचा हिशेब मांडून पाहू. विजेवर १८ किमी आणि त्यानंतर पेट्रोलवर लिटरला २० किमी असे धरा. रोज जाऊन-येऊन १६ किमी करणाऱ्याला पेट्रोल लागणारच नाही. रात्री सुमारे तीन युनिट वीज भरली, की काम झाले. रोज ५० किमी करणाऱ्याचे ३२ किमी पेट्रोलवर होतील, म्हणजे १.६ लिटर, त्याला मायलेज वाटेल लिटरला ३१ किमी. आणि २०० किमीच्या प्रवासाला निघालेल्याला ते लिटरला २२ किमी भरेल. जो प्लगच लावणार नाही, तो रिकाम्या जड बॅटरीचे ओझे वाहत साध्या हायब्रिडइतकेच किंवा त्याहून कमी मिळवील. एकाच मोटारीचे उत्तर अनंतापासून २० पर्यंत कुठेही असू शकते!

अधिकृत आकडा काढताना मात्र लोक किती वेळा प्लग लावतील याचा एक अंदाज सूत्रात घालावा लागतो. युरोपात हा अंदाज किती चुकला, ते २०२४ मध्ये उघड झाले. २०२१ पासून युरोपातील नव्या मोटारींत प्रत्यक्ष इंधनखर्च नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली होती. त्या नोंदींवर आधारित पहिला अहवाल युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. पेट्रोल मोटारींचा प्रत्यक्ष खर्च प्रमाणित आकड्यापेक्षा सुमारे २४ टक्के अधिक, डिझेलचा सुमारे १८ टक्के अधिक आढळला. प्लग-इन हायब्रिड मोटारींचे प्रत्यक्ष कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन मात्र कागदावरच्या साडेतीन पट निघाले. मोटारी गृहीत धरल्याइतक्या चार्ज केल्याच जात नव्हत्या. त्यामुळे २०२५ पासून टप्प्याटप्प्याने ते सूत्र अधिक कठोर करण्याचा निर्णय अमलात येऊ लागला.

हा मुद्दा केवळ ग्राहकाच्या खिशापुरता नाही. अशा मोटारींना अनेक देशांत करसवलती मिळाल्या आणि कंपन्यांना उत्सर्जनाच्या हिशेबात श्रेय मिळाले, ते कागदावरच्या आकड्यावर. प्लग भिंतीतच राहिला, तर सवलत देणारा करदाता आणि शहरातील हवा, दोघेही फसतात. भारतात सध्या परिचित असलेल्या वर उल्लेखिलेल्या तिन्ही हायब्रिड मोटारी प्लगला लावता येत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न त्यांना लागू पडत नाही. पण उद्या स्वस्त प्लग-इन मोटार दारात आली, तर पार्किंगच्या जागी प्लग आहे का, हा प्रश्न ‘ॲव्हरेज किती’च्या आधी विचारायला हवा.

हिशेब आपला आपण

शेवटी प्रश्न पैशांचा. इथे ‘लिटरला किती किमी’ हे आपले लाडके मापच दिशाभूल करते. १० वरून १५ किमीवर गेलो, तर हजार किमीमागे ३३ लिटर वाचतात. २० वरून २५ वर गेलो, तर वाचतात फक्त १०. फरक दोन्हीकडे पाचचाच! म्हणून तुलना करताना युरोपीय पद्धतीने १०० किंवा १,००० किमीला किती लिटर, असे विचारावे.

उदाहरणादाखल, कोंडीच्या शहरात साधी मोटार लिटरला १४ आणि तशीच हायब्रिड २० किमी देते असे माना. वर्षाला १२,००० किमी चालवणाऱ्याचे सुमारे २५७ लिटर वाचतील. लिटरला १०० रुपये हा सोपा भाव धरला, तर २५,७०० रुपये. हायब्रिडसाठी अडीच लाख रुपये अधिक मोजले असतील, तर ते वसूल व्हायला जवळजवळ १० वर्षे लागतील. तीच मोटार वर्षाला ३०,००० किमी शहरातच फिरत असेल, तर चार वर्षांच्या आत. निर्णय बदलला तो मोटारीमुळे नाही, वापरामुळे. अर्थात शांत चालणे, कमी धूर, कमी झिजणारे ब्रेक यांचे मोल कोणाला वेगळे वाटत असेल, तर ते हिशेबात जरूर धरावे.

मोटार घेतल्यावर मायलेज मोजायचे, तर टाकी ते टाकी मोजावे. एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल भरावे, किलोमीटरचा आकडा टिपावा आणि पुढच्या वेळी तसेच पुन्हा भरावे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या टाकीत एक लवचिक पिशवी होती. थंडीत ती पूर्ण फुगत नसे आणि दर वेळी कमी-अधिक पेट्रोल मावे. बिचारे मालक मायलेज अचानक वाढले म्हणून आनंदायचे किंवा घटले म्हणून हळहळायचे! चार-पाच टाक्यांचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, हाच आकडा विश्वासार्ह. डॅशबोर्डवरचा आकडा त्याच्याशी एकदा ताडून पाहावा.

आणि हे सारे खरेदीनंतरचे. खरेदीपूर्वी एक आठवडाभर आपल्या आताच्या मोटारीच्या फेऱ्या वहीत लिहून काढाव्यात : किती किलोमीटर, किती वेळ, किती सिग्नल, एसी होता की नाही, किती फेऱ्या तीन किलोमीटरांच्या आतल्या. वेग कमी, थांबे अनेक आणि फेऱ्या बऱ्यापैकी लांब असतील, तर हायब्रिड आपल्यासाठी आहे. बहुतांश किलोमीटर द्रुतगती मार्गावरचे असतील, किंवा वर्षाकाठी फिरणेच फार थोडे असेल, तर तो पैसा अन्यत्र अधिक कामी येईल. माहितीपत्रकातील आकडा पुण्याच्या टेकडीवरील रोलरचा असतो. आपल्या रस्त्याचा आकडा त्या वहीतच सापडेल.